फ्रीजएवढी वीज खाणारा पाम पायलट

पाम पायलट म्हणजे तळहातावर मावणारा छोटा कॉम्प्युटर, आत दोन बारीक पेन्सिल सेल. आणि 2000 सालच्या आसपास अमेरिकेत लोक बिनधास्त सांगत होते की याला इंटरनेट जोडलं की मागचं नेटवर्क धरून हा घरातल्या फ्रीजएवढी वीज खातो.

सुरुवात झाली 1999 मध्ये. फोर्ब्स मासिकात लेख आला, अजून कोळसा खणा, पीसी येतायत अशा मथळ्याचा, आणि त्यात होतं की एकटं इंटरनेटच देशातली 8 टक्के वीज खातंय. झालं, आकडा सगळीकडे फिरला.

ऊर्जेचे अभ्यासक जोनाथन कूमी तेव्हा कॅलिफोर्नियात बर्कलीच्या लॉरेन्स लॅब या सरकारी प्रयोगशाळेत होते. हार्वर्डला विज्ञानाचा इतिहास शिकले, मग बर्कलीलाच ऊर्जा विषयात पीएचडी. त्यांनी आणि टीमने काय केलं, तर वाण्यासारखा हिशोब मांडला, देशात कॉम्प्युटर किती, मॉनिटर किती, प्रिंटर, राउटर किती, चालू असताना किती वॅट, स्लीपवर किती, रात्री किती लोक बंद करून जातात आणि किती तसंच ठेवून जातात. उत्तर आलं की ऑफिसातली सगळी यंत्रं आणि नेटवर्क मिळून सुमारे 2 टक्के. टेलिफोन यंत्रणा आणि ही यंत्रं बनवायला लागलेली वीज धरली तरी 3. पाम पायलटचा दावा तर निदान 2000 पट फुगवलेला निघाला! तो आकडा खोडण्यात यांची वर्षं गेली.

2011 मध्ये त्यांनी दाखवलं की 1946 च्या एनिॲक या सुरुवातीच्या कॉम्प्युटरपासून विजेच्या एका युनिटमध्ये होणारी गणितं साधारण दर दीड वर्षाला दुप्पट होत आलीयत. यालाच आता कूमीचा नियम म्हणतात. मग 2020 चा सायन्स या विज्ञान नियतकालिकातला त्यांचा आणि सहकाऱ्यांचा पेपर, 2010 ते 2018 जगभरातल्या डेटा सेंटरचं, म्हणजे इंटरनेटमागचे सर्व्हर ठेवतात त्या केंद्रांचं, काम साडेसहा पट झालं आणि वीज वाढली फक्त 6 टक्के.

कोणाला वाटेल हा माणूस कॉम्प्युटरवाल्यांची बाजू घेतोय. पण 2024 चा लॉरेन्स लॅबचा रिपोर्ट बघा, लेखकांत कूमी आहेतच. अमेरिकेतली डेटा सेंटर 2014 ला वर्षाला साधारण 6,000 कोटी युनिट घ्यायची आणि पुढची दोन वर्षंही तेवढीच राहिली, नंतर एआयचे सर्व्हर आले आणि 2023 ला आकडा गेला 17,600 कोटींवर, म्हणजे देशाच्या विजेच्या 4.4 टक्के. यंत्रं मोजायची, वॅट धरायचे, तास धरायचे, पद्धत तीच जुनी. मला कूमी यासाठीच फार मोठे वाटतात, आकडा खाली आला तेव्हा खाली सांगितला, वर गेला तेव्हा वर.