लोकरीचं जाकीट पेटीत ठेवण्याआधी

नमस्कार श्रोतेहो. होळी आठ दिवसांवर आली. आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आता गच्चीगच्चीवर रजया पसरलेल्या दिसतात आणि दुपारी घरोघरी पत्र्याच्या पेट्या ओढल्याचा आवाज येतो. त्या पेटीत जाणाऱ्या एका कापडाबद्दल आज बोलणार आहे. उकळलेली लोकर. दुकानात याला बॉईल्ड वूल म्हणतात. ज्यांची मुलं परदेशी आहेत त्यांच्याकडे या लोकरीचं एखादं जाकीट असतंच. जाड, मऊ, आणि विण कुठे म्हणून दिसत नाही.

या नावानं फार जणांची फसगत होते. उकळलेलीच लोकर आहे, मग गरम पाण्याचं काय भय, असं वाटतं. भय आहे, श्रोतेहो. एकदा उकळलेली लोकर पुन्हा आटते. तेव्हा गरम पाणी नको, चोळणं नको, पिळणं नको.

असं का, ते थोडक्यात सांगते. लोकरीच्या केसावर अगदी बारीक खवले असतात, कौलं एकावर एक रचावीत तसे. ऊन पाणी, साबण आणि घुसळणं एकत्र आलं की हे खवले एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. मुलींच्या केसांना जट धरते ना, तसंच. ऑस्ट्रियातल्या टिरोलच्या डोंगरात लोक आधी ढगळ, मोठं कापड विणून घेतात आणि मग मुद्दाम त्याला जट आणतात, तीच ही उकळलेली लोकर. कापड तिसऱ्या हिश्श्यानं, कधी त्याहूनही जास्त आटतं. पण मग वारा आत शिरत नाही आणि कात्रीनं कापलं तरी कडेचा धागा सुटत नाही. आपली धनगरी घोंगडी मागावर विणून तिला चिंचोक्याची खळ देतात, ती रीत वेगळी. काश्मीरचा किंवा राजस्थानातल्या टोंकचा नमदा, म्हणजे लोकर दाबून केलेली बिछायत, याच्या जास्त जवळचा, फक्त त्यात सूत कातायची पायरीच नाही.

आता माझ्या सासूबाईंच्या जाकिटाची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय मला या विषयावर बोलताच येत नाही.

माझे धाकटे दीर नोकरीसाठी ऑस्ट्रियात होते. पहिल्यांदा सुट्टीवर आले तेव्हा आईसाठी जाकीट घेऊन आले. गडद हिरवं, कडेनं काळी पट्टी, शिंगाची बटणं. सासूबाई सहावारी नेसायच्या, वर शाल. जाकीट त्यांनी जन्मात घातलेलं नव्हतं. त्या जानेवारीत पारा पाच अंशांच्या खाली गेला, तेव्हा कुठे एकदा अंगात घातलं, आणि मग काही काढीनात. तेच घालून आम्ही मेळ्याला गेलो. ग्वाल्हेरचा मेळा म्हणजे माधवराव शिंदे महाराजांनी १९०५ साली सुरू केलेला, आणि त्यात कडाक्याच्या थंडीत उभ्यानं सॉफ्टी खायची ही आमच्याकडची रीतच. सासूबाईंनीही खाल्ली. एक थेंब गळ्याखाली, दुसऱ्या बटणाच्या बाजूला पडला. त्यांनी पदरानं टिपला. झालं, विषय संपला.

होळीनंतर जाकीट पेटीत गेलं. धुतलं नाही. "चार वेळाच तर घातलंय," त्या म्हणाल्या. मलाही ते पटलं. वर कागद घातला, पेटी माळ्यावर गेली.

दिवाळी झाल्यावर पेटी उतरवली. दुसऱ्या बटणाच्या बाजूला भोक. मसुरीच्या डाळीएवढं, पण आरपार. आणि गळ्याला मागून, जिथे अंबाड्याचं खोबरेल लागायचं, तिथे वरचा थर कुरतडलेला. घडीत तांदळाच्या कणीसारखे दोन कोश. बाकी जाकीट होतं तसं, धडधाकट. सासूबाई काही बोलल्या नाहीत. भोकावर बोट ठेवून नुसत्या बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "धाकट्यानं एवढ्या लांबून आणलं होतं गं."

आमच्या बाड्याच्या, म्हणजे बाजारातल्या मोठ्या चौकाच्या, मागच्या गल्लीत तेव्हा एक वयस्क रफूवाले बसायचे. पैठणीपासून शेरवानीपर्यंत सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. त्यांनी जाकीट उजेडात धरलं, सुईच्या टोकानं भोकाची कड उचकून पाहिली, उलटं केलं, पुन्हा पाहिलं. म्हणाले, "बीबीजी, रफू तो धागे पे चलता है. इसमें धागा मिल ही नहीं रहा." सासूबाईंचा चेहरा उतरला. ते थोडा वेळ गप्प होते. मग एकदम विचारलं, "यहाँ कुछ मीठा गिरा था ना?"

श्रोतेहो, मेळ्याला दहा महिने होऊन गेले होते. तो थेंब सासूबाईही विसरल्या होत्या. त्या माणसानं नुसत्या भोकावरून ओळखलं.

मग त्यांनी काम केलं ते आमच्या डोळ्यांदेखत. बटणपट्टीच्या आत दुमडलेली कड असते, ती जुन्या ब्लेडच्या पात्यानं खरवडून चिमूटभर हिरवा लोकरीचा कापूस काढला. तो भोकात भरला. मागच्या बाजूनं केसासारख्या बारीक लोकरीनं चार टाके घेतले, ओढून नाही, नुसते धरून ठेवण्यापुरते. जाकिटाखाली पितळेची वाटी पालथी घातली. रिठ्याच्या कोमट पाण्यात बोट बुडवून त्या जागेवर गोल गोल फिरवत राहिले. हलक्या हातानं, एकाच जागी, तासभर. मध्ये चहा आला, तो तसाच निवला. सासूबाई स्टुलावर बसून एकटक बघत होत्या. हळूहळू तो भरलेला कापूस खाली बसला, कडेला धरू लागला. ज्या जट धरण्यानं कापड आटतं, त्याच जट धरण्यानं त्यांनी ते भरून काढलं! वाळल्यावर सासूबाईंनी डोळे मिटून त्यावर बोट फिरवलं. जागा लागली नाही. तिरप्या उन्हात धरलं तर मला दिसते, रंग जरासा गडद आहे, बस्स.

पैसे घेताना ते एवढंच म्हणाले, "धोके रखिए, चाहे एक ही बार पहना हो." एकदा घातलं असलं तरी धुऊन ठेवा. धुऊनच ठेवा.

ही कसर फार चलाख असते. उडणारा बारीक पतंग लोकर खातच नाही, खाते ती त्याची अळी. आणि ती आधी जाते घाम, तेल, अन्नाचा डाग असेल तिथे. म्हणून माझं डांबरगोळ्यांवर फारसं प्रेम नाही. मळक्या जाकिटात मूठभर गोळ्या टाकून काय साधणार? वर्षभर त्या वासानं डोकं दुखतं ते वेगळंच. कडुलिंबाचा पाला ठेवायचा तर ठेवा, पण अळी त्यानं मरत नाही.

विषय निघालाच आहे तर एक मनातलं बोलते. आपल्या मंडळांत सत्काराला ज्या शाली देतात, त्या बंद करा. सगळ्या अक्रिलिकच्या. एकेका घरात वीस-वीस पडून आहेत, ना ऊब, ना कुणाला द्यायला बऱ्या. त्याच पैशात चार वर्षांतून एकदा एकाच माणसाला खरी लोकरीची शाल द्या. तो ती वापरेल, जपेल, नातवाला दाखवेल. असो.

आता धुण्याचं. आधी आतली चिठ्ठी वाचा. अस्तर लावलेलं, खांद्याला गादी असलेलं जाकीट असेल तर सरळ ड्रायक्लीनला द्या. साधं असेल तर घरी धुता येतं, वर्षातून एकदा पुरे. एरवी घालून झालं की मऊ ब्रशनं एकाच दिशेनं झाडायचं आणि रात्रभर मोकळ्या हवेत ठेवायचं. धुताना मोठ्या टबात कोमटाहूनही गार पाणी, तीस अंशांच्या वर नको. त्यात रिठ्याचं पाणी किंवा लोकरीचा खास साबण. रोजच्या कपड्यांची पावडर नको, कारण डाग पचवणारी द्रव्यं तिच्यात घातलेली असतात आणि लोकर हे शेवटी प्रथिनच, तेही पचवून टाकतात. दहा मिनिटं बुडवून ठेवायचं, तळव्यानं दाबायचं, सोडायचं. पुन्हा सांगते, चोळायचं नाही. खळबळतानाही पाणी तितपतच हवं. गरमातून एकदम नळाच्या गारात घातलं की आटू शकतं.

पिळायचं नाही. मोठ्या टॉवेलवर पसरून वळकटी करायची आणि वरून दाबायचं. दुसरा कोरडा टॉवेल घेऊन पुन्हा एकदा. मग सावलीत आडवं पसरून बाह्या, खांदे हातानं सारखे करायचे. दोरीवर टांगलंत तर पाण्याच्या ओझ्यानं लोंबतं. आणि आपलं फाल्गुनातलं ऊन साधं समजू नका, गडद रंग दोन दुपारींत विटतो.

पूर्ण वाळल्यावर, अगदी काखेत आणि गळ्याशी हात लावून बघून, जुन्या धुतलेल्या सुती लुगड्यात गुंडाळून ठेवा. कसर लागल्याचा संशय असेल तर पिशवीत घट्ट बंद करून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि बाहेर काढल्यावर पिशवीचा गारवा पूर्ण जाईपर्यंत ती उघडू नका, नाहीतर दमटपणा आत बसतो. पावसाळा संपला की एकदा पेटी उघडून घड्या बदला.

सासूबाईंचं ते हिरवं जाकीट आता माझ्याकडे आहे. काल रिठ्यात धुतलं, आतल्या खोलीत पलंगावर टॉवेल घालून पसरलंय. गळा अजून ओलसर लागतोय, तेव्हा पेटी परवा.

नमस्कार.