पहाटे पाचचं तळं

(काळोख. बॅटरीचा झोत पाण्यावर फिरतो. दूर बेडकांचा आवाज.)

पहाटेचे पाच वाजलेत. सर नुकतीच येऊन गेलीय, पागोळ्या अजून टपटपताहेत. सिंधुदुर्गातल्या आमच्या घराच्या परसात जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधलेलं, आतून सिमेंट केलेलं हे छोटं तळं. २ मीटर लांब, दीड मीटर रुंद, पाऊण मीटर खोल. पाणी साधारण सव्वादोन हजार लिटर. बागेतलं तळं बघायला लोक संध्याकाळी येतात. पण त्याची तब्येत कळते ती या वेळेला.

बघा, मासे खाली आहेत. शेपट्या संथ हलताहेत. वर कुणी नाही. एवढं दिसलं की मी निर्धास्त होऊन चहा ठेवायला जातो.

(जुना फोटो : हिरवंगार पाणी, मधोमध कारंजं.)

काही वर्षांपूर्वी श्रावणात असं दिसलं नव्हतं. तेव्हा पाणी हिरवं झालं होतं, अगदी मुगाच्या कढणासारखं. तीन दिवस ऊन नव्हतं. कारंजं दिवसभर उडायचं, आणि रात्री झोपताना मी बटण बंद करायचो. मोटर रात्रभर कशाला चालवायची, हा माझा हिशोब. चौथ्या दिवशी उजाडताना गेलो तर दोन्ही कोई, म्हणजे मोठे वाढणारे रंगीत शोभेचे मासे, आडवे तरंगत होते. मोठे गोल्डफिशही गेले होते. लहान गोल्डफिश वर येऊन तोंड उघडमीट करत होते. आणि गप्पी? पाण्याच्या अगदी कातडीला तोंड लावून सगळे जिवंत.

पाण्यात कुणी काही टाकलं असेल, असंच पहिल्यांदा मनात आलं. पण विष असतं तर ते सहसा लहानग्यांना आधी गाठतं. मोठे आधी जातात आणि लहान तगतात, तेव्हा बहुतेक वेळा श्वास कोंडलेला असतो. गप्पीचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं. हवेला टेकलेल्या पातळ थरात प्राणवायू थोडा जास्त असतो, तेवढा त्याला ओढून घेता येतो. मोठ्या कोईचं त्यात भागत नाही.

(कल्ल्यांचं जवळून दृश्य. झाकण उघडतं, मिटतं.)

आपण घेतो त्या एक लिटर हवेत पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू असतो. एक लिटर पाण्यात, पाणी ३० अंशांवर असेल तर, जेमतेम साडेसात मिलिग्रॅम मावतो. २० अंशांवर नऊ. पाणी जितकं कोमट, तितकी ही शिदोरी कमी, आणि उबेत माशाची भूक मात्र वाढलेली. पाच मिलिग्रॅमच्या खाली गेलं की मासे कष्टात पडतात.

हिरवं पाणी म्हणजे डोळ्यांना न दिसणारं, पाण्यात पसरलेलं शेवाळ. उन्हात ते प्राणवायू तयार करतं, अगदी भरपूर. सूर्य मावळला की तेच शेवाळ, मासे, तळातला गाळ, कुजणारी चाफ्याची पानं, सगळे एकाच साठ्यातून घेऊ लागतात. भरत कुणीच नाही. म्हणून साठा सर्वांत खाली येतो तो सूर्योदयाच्या जरा आधी. ढगाळ दिवसानंतर तर रात्रीची सुरुवातच अर्ध्या भांड्याने होते.

म्हणजे मी कारंजं चालवत होतो ते नेमकं गरज नसलेल्या वेळी. आता वीज वाचवायचीच झाली तर मी ती स्वच्छ उन्हाच्या दुपारी वाचवतो. रात्री कधीच नाही.

(पाण्याखालून : विटेवर ठेवलेला एअर स्टोन, वर जाणारे बुडबुडे.)

हा एअर पंप. तो पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवलाय, कारण दिवे गेले की नळीतून पाणी उलटं पंपात शिरतं. खाली एअर स्टोन, म्हणजे पंपाची हवा बारीक बुडबुड्यांनी सोडणारा सच्छिद्र खडा, तोही थेट तळावर नाही, एका विटेवर. तळावर ठेवला तर गाळ ढवळून निघतो. अनेकांना वाटतं बुडबुड्यातली हवाच पाण्यात विरघळते. थोडी विरघळतेही, पण एवढ्या उथळ पाण्यात बुडबुडा टिकतो दोन-तीन सेकंद. त्याचं मोठं काम वेगळं आहे : तळाचं शिळं पाणी तो वर आणतो, वरचं खाली पाठवतो, आणि पृष्ठभाग सतत हलता ठेवतो. पाणी हवा घेतं ते तिथे. म्हणूनच कमळाच्या पानांनी मी अर्ध्याहून जास्त पाणी झाकू देत नाही. जलपर्णी तर परसात येऊच देत नाही.

फिल्टरमधल्या स्पंजवर जिवाणू राहतात. माशांच्या कल्ल्यांतून सुटणारा अमोनिया तेच पचवतात, आणि त्यांनाही प्राणवायू लागतोच. स्पंज धुवायचा तो तळ्यातल्याच पाण्याने, बादलीत, हलक्या हाताने. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर जिवाणू मरतात.

शेवाळ मारायचं औषध एकदम ओतू नका. मेलेलं शेवाळ कुजतं आणि उरलेला प्राणवायूही खाऊन टाकतं. त्यापेक्षा खाणं कमी करा. चार-पाच मिनिटांत संपेल तेवढंच, आणि आभाळ भरलं असेल त्या दिवशी अजिबात नाही.

(वीज कडाडते. घरातले दिवे जातात.)

आणि कोकणातल्या पावसात दिवे जाणारच. बॅटरीवर चालणारा छोटा पंप मी चार्ज करून दाराशीच टांगलाय. तोही नसेल तर हात आहेत. बादली भरायची, छातीएवढ्या उंचीवरून पाणी परत ओतायचं, धार फुटेल असं. अर्धा तास. बोअरचं पाणी घालायचं असेल तर तेही उंचावरून, थोडं थोडं, कारण जमिनीखालच्या पाण्यात प्राणवायू बहुधा कमीच असतो.

कोई मी पुन्हा आणले नाहीत. फूट-दीड फूट वाढणाऱ्या माशाला सव्वादोन हजार लिटर म्हणजे अडचणच. ती चूक माझी होती, आणि अजून लागते.

(उजाडतंय. पाण्यावर बारीक लाटा.)

साडेसहा. पूर्वेला फट दिसतेय. सर्वांत मोठा गोल्डफिश विटेजवळून निघून बुडबुड्यांमधून पलीकडे जातो. वर येत नाही. खालीच वळतो.