यादीत नसलेले फोल्डरही उघडते

घरातल्या एका संगणकावरचे शेअर केलेले फोल्डर दुसऱ्यावर पाहायचे असले की आपण फाइल एक्सप्लोररमधल्या ‘नेटवर्क’वर क्लिक करतो आणि तिथे हव्या त्या संगणकाचे नाव आले नाही की शेअरिंगच बिघडले, असे समजून नसत्या सेटिंग्ज बदलू लागतो. आज मला आग्रहाने सांगायचे आहे ते हे की, संगणक यादीत दिसणे आणि त्यावरचे फोल्डर उघडणे ही दोन कामे विंडोजमध्ये वेगवेगळ्या यंत्रणा करतात, आणि पहिली बंद असली तरी दुसरी बहुधा चालूच असते.

पूर्वी ही यादी एसएमबी प्रोटोकॉलच्या, म्हणजे विंडोज संगणक नेटवर्कवर फाइल शेअर करायला वापरतात त्या नियमसंचाच्या, पहिल्या आवृत्तीच्या आधाराने तयार होत असे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने तिच्यातल्याच त्रुटीचा फायदा घेतला, आणि त्याच वर्षाच्या उत्तरार्धात आलेल्या विंडोज १० च्या अपडेटपासून नव्याने बसवलेल्या विंडोजमध्ये ही आवृत्ती सुरुवातीपासूनच वगळली जाऊ लागली. त्यामुळे जुनी नेटवर्क स्टोरेज उपकरणे (नेटवर्कला जोडून फाइल साठवायची यंत्रे) यादीतून नाहीशी झालेली दिसतात. केवळ यादी भरावी म्हणून ती आवृत्ती पुन्हा सुरू करण्याचा सल्ला कोणी दिला, तर कृपा करून तो मानू नका.

त्याऐवजी फाइल एक्सप्लोररच्या अॅड्रेस बारमध्ये आधी दोन बॅकस्लॅश, त्यांना लागून त्या संगणकाचे नाव असे टाइप करून एंटर दाबा. नावाने काम झाले नाही, तर नावाच्या जागी त्याचा आयपी अॅड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा आकडी पत्ता, द्या. तो त्याच संगणकावर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) ही आज्ञा दिल्यावर मिळतो. तरीही काही उघडले नाही, तर फोल्डर ज्याच्यावर आहे तो संगणक स्लीपमध्ये गेलेला नाही ना, आणि त्याचे नेटवर्क प्रोफाइल ‘पब्लिक’ऐवजी ‘प्रायव्हेट’ आहे ना, हे पाहावे. पब्लिक प्रोफाइलमध्ये फायरवॉल, म्हणजे विंडोजचा नेटवर्कवरचा पहारेकरी, सहसा बाहेरून आलेली जोडणी अडवते.

याउलट युजरनेम आणि पासवर्ड विचारणारी खिडकी आली, तर ती शुभवार्ता समजा, कारण दोन्ही संगणक एकमेकांशी बोलू लागले आहेत. इथे समोरच्या संगणकावरच्या खात्याचा खरा पासवर्ड लागतो. रोज लॉगिन करताना आपण जो पिन देतो, तो त्या एकाच यंत्रापुरता असल्यामुळे नेटवर्कवर चालत नाही, आणि बरेच लोक नेमके इथेच अडतात. मायक्रोसॉफ्ट खाते असेल, तर त्याचा ईमेल आणि त्याचाच पासवर्ड द्यावा.

फोल्डर उघडले पण त्यात फाइल सेव्ह होत नसेल, तर परवानग्या दोन ठिकाणी तपासाव्या लागतात: एक प्रॉपर्टीजमधल्या ‘शेअरिंग’मध्ये, दुसरी ‘सिक्युरिटी’मध्ये, आणि या दोन्हींपैकी जी अधिक कडक असेल तीच लागू होते.