शेवटच्या नळाचं पाणी

नमस्कार श्रोतेहो. मृगाच्या चार सरी पडल्या की विहिरीचं पाणी वर येतं, आणि गढूळही होतं. गावात कुठे जुलाब-उलट्या सुरू झाल्या की ग्रामपंचायतीला पहिला प्रश्न असतो, "पावडर टाकली का?" उत्तरही ठरलेलं, "टाकली की!" या सवाल-जवाबातून काहीच कळत नाही, असं माझं मत आहे. पाणी शुद्ध करायची ही क्लोरीनची पावडर कधीची होती, किती टाकली आणि शेवटच्या घराच्या नळाला क्लोरीन उरला का, हे विचारा.

आपण जिला टीसीएल किंवा ब्लीचिंग पावडर म्हणतो ती विरलेल्या चुन्यात क्लोरीन वायू मुरवून तयार होते. हीच पावडर 1908 साली अमेरिकेतल्या जर्सी सिटीच्या पाण्यात डॉक्टर जॉन लील यांनी रोजच्या रोज घालायला सुरुवात केली, तीही कुणाची परवानगी न काढता. त्याबद्दल त्यांना कोर्टात उलटतपासणीला तोंड द्यावं लागलं. निकाल मात्र ही पद्धत योग्य असल्याचाच लागला.

ताज्या पावडरीत साधारण 33 टक्के क्लोरीन असतो. पण ओल, ऊन आणि हवा लागली की तो उडून जातो. पंचायतीच्या ऑफिसात कोपऱ्यात, फरशीवरच, तोंड नुसतं दुमडून ठेवलेलं पोतं तुम्ही पाहिलं असेल. त्यातली पावडर गोळे धरते, वासही मंद होतो. मग उरतो तो बहुतेक चुनाच. क्लोरीन 20 टक्क्यांच्या खाली गेला असेल तर ती पावडर वापरायचीच नाही. म्हणून नमुना अधूनमधून प्रयोगशाळेत पाठवायचा, आणि साठा कोरड्या, सावलीच्या जागी घट्ट झाकून ठेवायचा.

आता किती टाकायची? विहीर गोल असेल तर हिशेब सोपा आहे. व्यास गुणिले व्यास, गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, आणि त्याला 785 ने गुणा; लिटर मिळतात. चार मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल तर 37,680 लिटर झाले. हजार लिटरला पाच ग्रॅम धरले तर सुमारे 190 ग्रॅम पावडर लागेल. "दोन मुठी टाकल्या" हे माप नव्हे. कुणाची मूठ केवढी, काय सांगावं!

टाकण्याचीही रीत आहे. कोरडी पावडर विहिरीत भिरकावू नका. बादलीत थोड्या पाण्यात तिची पेस्ट करा, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळा आणि पाच-दहा मिनिटं स्थिर ठेवा. चुना तळाशी बसतो. वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओता, ती बादली दोराने विहिरीत सोडा आणि वर-खाली, इकडे-तिकडे हलवून पाण्यात मिसळा. तळाचा चुना विहिरीपासून दूर टाका. त्यानंतर किमान अर्धा तास पाणी उपसू नका. क्लोरीनला जंतू मारायला तेवढा वेळ द्यावाच लागतो.

आणि मग ओटी टेस्ट, म्हणजे ऑर्थोटोलिडिन नावाच्या औषधाने उरलेला क्लोरीन तपासणं. नळीत पाणी घ्यायचं, ओटीचे थेंब टाकायचे. पिवळा रंग आला की क्लोरीन उरला आहे. लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम उरायला हवा. ही तपासणी टाकीखाली उभं राहून केली तर ती पिवळी येणारच! ती करायची वस्तीच्या टोकाला. आपल्याकडे पाणी तासा-दोन तासांपुरतं येतं, बाकी वेळ पाइप रिकामा असतो. त्याला कुठे फट असेल तर शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. टाकीतले जंतू मेले तरी वाटेत आलेल्या या पाहुण्यांचा बंदोबस्त उरलेला क्लोरीनच करतो.

"औषधाचा वास येतो" ही तक्रार मला पटते, पण गंमत अशी, की उग्र वास नेहमी जास्त क्लोरीनचा नसतो. पाण्यातल्या अमोनियाशी क्लोरीन जुळला की त्या संयुगांनाही तसा वास येतो. म्हणजे कधी कधी मात्रा कमी पडलेली असते.

क्लोरीनने सगळं होतं असंही नाही. गढूळ पाण्यातल्या गाळातच तो खर्ची पडतो, म्हणून आधी तुरटी फिरवायची, पाणी निवळू द्यायचं, गाळायचं. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी तर क्लोरीनला दाद देत नाही; 1993 साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात गाळणीत कसर राहिली आणि सुमारे चार लाख लोक आजारी पडले. सांडपाण्याचंही तेच. आधी प्रक्रिया, क्लोरीन सर्वांत शेवटी, आणि नदीत सोडण्याआधी उरलेला क्लोरीन काढून टाकायचा, नाहीतर मासे मरतात.

तुमच्या नळाला पिवळा रंग आला नाही, तर लगेच पंचायतीत कळवा. टाकीपाशी रंग येतो आणि तुमच्याकडे येत नाही, असं असेल तर आधी लाइन गटाराला जिथे ओलांडते तिथे गळती शोधायला सांगा. तोवर पाणी चांगली उकळी आणून, गार करून प्या. आणि ओटी टाकलेलं नळीतलं पाणी पोरांच्या हाती लागू देऊ नका. ते औषध विषारी आहे, ओतून द्या आणि हात धुवा.

नमस्कार.