मुलुंडचा समुद्र कळव्याला

(दृश्य: जिन्यात रिकामे जार, दारातून निळा उजेड)

मुलुंडची ही इमारत रीडेव्हलपमेंटला चाललीय. चार मजले, लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचं बाकीचं सामान कालच गेलं. मागे राहिलीय ती माशांची टाकी: चार फूट लांब, दीड फूट रुंद, साधारण २८० लिटर खारं पाणी, सहा वर्षं जमवलेलं.

भरलेली टाकी कुणी उचलत नाही. पाणी, दगड, काच मिळून वजन साडेतीनशे किलोंच्या पुढे जातं आणि जरा पीळ बसला की सिलिकॉनचा सांधा सुटतो. म्हणून आधी सगळं सुटं करायचं.

(दृश्य: नळीतून जारमध्ये पडणारं पाणी)

वरचं नितळ पाणी पहिलं काढायचं, तळ ढवळण्याआधी. वीस लिटरचे दहा जार भरले. कमी पडणारं पाणी काकांनी आदल्या रात्रीच नव्याने कालवून ठेवलंय: आरओचं पाणी, लिटरला ३५ ग्रॅम मीठ. स्वयंपाकघरातलं नव्हे, कॅल्शियम-मॅग्नेशियम असलेलं.

पण पाण्यापेक्षा जपायचे ते दगड. माशांच्या घाणीतून अमोनिया सुटतो; दगडाच्या छिद्रांतले जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, मग नायट्रेट. दगड वाळला की जीवाणू मेले. म्हणून प्रत्येक दगड पाण्यात बुडवूनच न्यायचा.

(दृश्य: हातमोजे, चष्मा, दगडावरची हिरवी बटणं)

हातमोजे हौसेचे नाहीत. ही हिरवी बटणं म्हणजे झोअँथिड, प्रवाळांच्या नात्यातले सागरी प्राणी. त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं, जिवावर बेतू शकेल असं विष. असला दगड उकळत्या पाण्यात कधीच धुवू नये. वाफेतूनही त्रास होतो.

कठीण प्रवाळ या टाकीत दिसणार नाहीत. २००१ पासून ते आपल्याकडे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. काकांकडे आहेत ते मऊ प्रवाळ, आणि दगडही सिरॅमिकचे.

(दृश्य: क्लाऊनफिशची जोडी, जवळून)

आता घरातली खरी मालकीण. दगड निघेपर्यंत ही हाती लागत नाही. केशरी अंगावर तीन पांढरे पट्टे, जोडीतली मोठी ती मादी. क्लाऊनफिश जन्मतः नर असतात; जोडीतला मोठा मासा मादी होतो आणि ती गेली तर नर तिची जागा घेतो. या दोघांनी समुद्र पाहिलेलाच नाही. ते हॅचरीत जन्मले. क्लाऊनफिशची पैदास करण्याचं तंत्र आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने केव्हाच बसवलंय. तरीही दुकानात विचारा, मासा कुठला? ‘इम्पोर्टेड आहे, साहेब.’ पुढचा प्रश्न विचारायचा असतो: पकडलेला की पैदा केलेला? काका सहा वर्षं हाच प्रश्न विचारतायत आणि दोन दुकानदार आता त्यांना बघून हसतात.

जाळी आत गेली तशी मादी काकांच्या अंगठ्याला चावली. ही तिची सवय.

(दृश्य: काचेतून वाळूतले काळे पट्टे)

जुनी वाळू इथेच सोडली. तळाशी प्राणवायू पोचत नाही तिथे हायड्रोजन सल्फाइड साठतो; ढवळली तेव्हा घरभर सडक्या अंड्याचा वास. काकू खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

रिकामी टाकी साठ किलोंच्या घरात. चौघांनी तीन मजले उतरवली, प्रत्येक वळणावर थांबून.

(दृश्य: टेम्पोचं मागचं दार, कट, लिफ्टचे आकडे)

कळवा, अकरावा मजला. स्टँडवर फोमची शीट, वर टाकी, कडेला लेव्हलची बाटली. बुडबुडा मध्ये येईपर्यंत पंधरा मिनिटं गेली. मग नवी वाळू, दगड, जुनं पाणी, नवं पाणी. मासे शेवटी, थर्माकोलच्या खोक्यातून, टाकीचं पाणी थेंब थेंब पाजत.

(दृश्य: परीक्षानळी)

अमोनियाची चाचणी: पिवळा रंग म्हणजे अमोनिया नाही. तिसऱ्या दिवशी नळी हिरवट झाली, म्हणजे अमोनिया आला. काकांनी निम्मं पाणी बदललं. दोन कोळंब्या गेल्या.

(दृश्य: मिटलेला लेदर कोरल, मग उघडलेला)

नवव्या दिवशी लेदर कोरलने, काकांच्या मऊ प्रवाळाने, तुरे काढले आणि जोडी त्यात शिरली. मुलुंडलाही ती इथेच झोपायची. काकांनी खाणं टाकायला हात पाण्यात घातला.

(दृश्य: अंगठा, मादी झेपावते. आवाज फक्त पंपाचा.)