पंप दाखवू नका, करून घ्या
(नर्सिंगच्या विद्यार्थिनींसमोर केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

दम्याची व्याख्या मी आज सांगणार नाही. ती पुस्तकात आहे आणि परीक्षेपुरती तुमची पाठही असेल. मला बोलायचंय ते डिस्चार्जच्या वेळेबद्दल. कागद तयार झालेत, मुलगा खाली रिक्षा थांबवून आलाय, पेशंटच्या मांडीवर औषधांची पिशवी आहे. त्या पाच मिनिटांत तुम्ही काय करता, त्यावर हा पेशंट पुन्हा धापा टाकत आपल्याच दारात येणार की नाही, हे बऱ्याच अंशी ठरतं.

पिशवीत रोटाकॅप असतात, म्हणजे श्वासावाटे ओढायची औषधाची पावडर. दिसायला अगदी कॅप्सूल. मग माणूस काय करेल? पाण्याबरोबर गिळेल. आपल्याकडे असं होतं, आणि त्यात पेशंटचा काय दोष? आजवर प्रत्येक कॅप्सूल त्याने गिळलीच आहे. ‘हे ओढायचं औषध आहे’ एवढं सांगून भागत नाही. यंत्र त्याच्या हातात द्या. कॅप्सूल त्यालाच घालू द्या, फिरवू द्या, ओढू द्या. तुम्ही करून दाखवलंत की निम्मं काम झालं. त्याने तुम्हाला करून दाखवलं की पुरं.

ओढण्यातही गोची आहे, कारण दोन उपकरणांची रीत एकमेकांच्या उलट. रोटाहेलरमध्ये, म्हणजे रोटाकॅप घालायच्या यंत्रात, कोरडी पावडर असते, तिला ढकलणारं आत काहीच नसतं. म्हणून जोरात, खोल ओढायचं. त्यात फुंकायचं मात्र नाही. फुंकलं तर पावडर उडते किंवा दमट होऊन चिकटते. पंपात औषध दाबाखाली भरलेलं असतं, ते आपणहून वेगाने बाहेर येतं. तिथे झटक्याने ओढलं की सगळं घशावर आदळतं. पंप हलवायचा, श्वास सोडायचा, ओठ घट्ट मिटायचे, सावकाश ओढायला लागताच दाबायचं, ओढत राहायचं आणि मग दहा आकडे मोजेपर्यंत श्वास रोखायचा. दुसरा पफ अर्ध्या-एक मिनिटाने.

म्हाताऱ्या माणसांना आणि पोरांना हात आणि श्वास यांचा मेळ बसवणं जड जातं. त्यांना स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची प्लॅस्टिकची पोकळ नळी, हवाच. तो साबणाच्या पाण्यात धुवून तसाच निथळत ठेवायचा, फडक्याने पुसायचा नाही. पुसला की प्लॅस्टिकवर स्थिर विद्युत तयार होते आणि औषध छातीत जायच्या ऐवजी स्पेसरलाच चिकटतं. हे कारणासकट सांगा. नुसतं ‘पुसू नका’ म्हटलं, तर घरातली सून तो स्वच्छतेपोटी पुसणारच.

‘पंपाची सवय लागते’ हे वाक्य तुम्ही निवृत्तीपर्यंत ऐकाल. लग्नाच्या मुलीची आई तर हळूच म्हणते, “सिस्टर, गोळ्याच द्या ना, पंप लोकांना दिसतो.” वाद घालू नका, हिशोब सांगा. साल्ब्युटामॉल या श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाची एक गोळी ४ मिलिग्रॅमची, पंपाचा एक पफ १०० मायक्रोग्रॅमचा. म्हणजे एका गोळीत ४० पफांइतकं औषध, आणि तेही पोटातून रक्तात आणि रक्तातून सगळ्या अंगभर. हात थरथरतात, छाती धडधडते ते त्यामुळेच. आईला हिशोब पटतो. मुलीची लाज हिशोबाने जात नाही. तिच्याशी एकटीशीच बोलावं लागतं.

दोन पंप असतील तर आणखी एक घोळ. एकाने लगेच मोकळं वाटतं, दुसऱ्या, स्टिरॉइडच्या पंपाने त्या क्षणी काहीच जाणवत नाही. साहजिकच लोक पहिला जपतात आणि दुसरा आठवडाभरात कपाटात जातो. खरा आजार आवरणारा तोच. त्यावर चिकटपट्टी लावून ‘रोज’ असं ठळक लिहा. आणि तो दात घासायच्या आधी घ्यायला सांगा, म्हणजे चूळ आपसूक भरली जाते. नाहीतर जिभेवर बुरशीचे पांढरे चट्टे येतात आणि पेशंट पंपच सोडून देतो.

आता सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणारा, बहुतेकदा धुरामुळे होणारा फुप्फुसांचा जुनाट आजार. केसपेपरवर ‘विडी-सिगारेट : नाही’ लिहून पुढे जाऊ नका. समोर खेड्यातली बाई असेल तर चुलीवर किती वर्षं गेली, ते विचारा. पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या यांचा धूर तिने लहानपणापासून घेतलाय. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, घरोघरी शेगडी गेली; तरी सिलिंडर परवडेना की भाकरी आणि आंघोळीचं पाणी पुन्हा चुलीवर. ‘धुरापासून लांब राहा’ हा सल्ला तिला एकटीला देण्यात अर्थ नाही, निर्णय तिच्या हातात नसतो. नवऱ्याला आणि सासूला शेजारी बसवा. निदान पाण्याची चूल घराबाहेर जाऊ दे, इतकं तरी पदरात पाडून घ्या.

रात्रपाळीत नातेवाईक हमखास येतील, “सिस्टर, मशीनवर ९० आहे, ऑक्सिजन वाढवा.” कोविडपासून रक्तातल्या ऑक्सिजनचा ९४ टक्के हा आकडा सगळ्यांच्या डोक्यात बसलाय. पण सीओपीडीच्या ज्या पेशंटमध्ये कार्बन डायऑक्साइड साठण्याची भीती असते, त्याचं लक्ष्य ८८ ते ९२ असतं. भरमसाट ऑक्सिजन दिला की कार्बन डायऑक्साइड चढतो, पेशंट गुंगीत जातो आणि घरचे म्हणतात, चला, झोप लागली एकदाची. हाक मारा, हलवून बघा. नीट जागा होत नसेल तर लगेच डॉक्टरांना बोलवा. दम लागलेल्याला आडवं करू नका. पुढ्यात टेबल, त्यावर उशी, उशीवर कोपर टेकवून पुढे झुकवून बसवा. शिट्टी मारताना करतो तसे ओठ करून श्वास सावकाश सोडायला लावा, आत घ्यायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ.

घरी ऑक्सिजन लिहून दिला असेल, तर तो ‘दम लागला की तेवढ्यापुरता’ नसतो, दिवसाचे निदान १५ तास लावायचा असतो. म्हणून नळी अंथरुणापासून जेवायच्या जागेपर्यंत पोचते का, ते विचारा. आणि देवघर कुठे आहे, तेही. समई, उदबत्ती, काडेपेटी, शेगडी, घरातल्या कुणाची विडी, सगळं मशीनपासून दूर. नाक कोरडं पडतं म्हणून लोक व्हॅसलीन लावतात. ते चालत नाही, पाण्यात मिसळणारं जेल डॉक्टरांकडून लिहून घ्या.