विषम तारखेच्या तोफा

(दृश्य: ओहोटीचा किनारा. वाळूत तिरपे रोवलेले लोखंडी रूळ, मागे खाडीपलीकडे उंच इमारती.)

पलीकडे दिसतंय ते चीनमधलं शियामेन शहर. आपण उभे आहोत ते किनमेन बेट, तैवानच्या ताब्यातलं. तैवानचं मुख्य बेट इथून जवळपास दोनशे किलोमीटर लांब आणि शियामेन एवढं जवळ, की हवा स्वच्छ असेल तर इमारतींचे मजले मोजावेत. वाळूतले हे गंजके रूळ चिनी होड्यांची पोटं फाडायला रोवले होते. आता त्यांच्यापुढे उभं राहून लोक फोटो काढतात, त्यात समोरच्या फुजियान प्रांतातून बोटीने आलेले चिनी पर्यटकही असतात.

ऑक्टोबर 1949. कम्युनिस्ट नेते माओ त्से-तुंग यांनी बीजिंगमध्ये नव्या राजवटीची घोषणा केली होती. त्यांच्याशी यादवी युद्धात हरलेला चँग कै-शेक यांचा कुओमिंतांग पक्ष तैवानकडे मागे हटत होता. 25 तारखेच्या पहाटे हजारो कम्युनिस्ट सैनिक किनमेनच्या गुनिंगतौ भागात उतरले. ओहोटी लागली, होड्या वाळूत रुतल्या आणि मागून कुमक येईना. दोन-तीन दिवसांत सगळं आटोपलं. बेट कुओमिंतांगकडे राहिलं, ते आजतागायत तैवानकडेच आहे.

पुढच्याच वर्षी कोरियात युद्ध पेटलं आणि अमेरिकेने आपलं सातवं आरमार तैवानच्या सामुद्रधुनीत आणून उभं केलं. 1954 मध्ये अमेरिका आणि तैवानमध्ये संरक्षण करार झाला. करारात तैवान होतं, पेंगहू बेटं होती. किनमेनचं नाव मात्र नव्हतं.

(दृश्य: भुयारी बंकर. अंधारातून झरोक्याकडे सरकणारा कॅमेरा.)

23 ऑगस्ट 1958. संध्याकाळी चीनच्या तोफा धडधडू लागल्या. 44 दिवसांत या छोट्याशा बेटावर पावणेपाच लाखांच्या आसपास गोळे पडले. खरी गंमत पुढे आहे.

अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांना हे बेट म्हणजे गळ्यातलं लोढणं वाटत होतं. चिनी किनाऱ्याला चिकटलेल्या एका ठिपक्यासाठी अणुयुद्धाची जोखीम कोण घेणार? किनमेनवरचं सैन्य कमी करा, असा अमेरिकेचा आग्रह होता. चँग यांची तयारी नव्हती. बेट सोडलं तर 'आम्हीच साऱ्या चीनचे खरे सरकार' हा दावा कशाच्या जोरावर करायचा?

आणि माओ? किनमेन रिकामं झालेलं त्यांनाही नको होतं. किनमेन गेलं की तैवानची चीनशी शेवटची नाळ तुटेल आणि अमेरिकेला 'दोन चीन' मांडणं सोपं जाईल. म्हणजे एकमेकांच्या जिवावर उठलेल्या या दोघांचं निदान एका गोष्टीवर एकमत होतं: चीन एकच. चँग यांचा खटका उडत होता तो मित्राशी, अमेरिकेशी.

मग बीजिंगने जाहीर केलं, की सम तारखेला तोफा बंद राहतील. त्या दिवशी रसद आणा, भाजीपाला उतरवा, आम्ही काही करणार नाही. विषम तारखेला मात्र सांगता येत नाही. लष्करी पाठ्यपुस्तकात असलं युद्ध सापडायचं नाही. पुढे पुढे तर गोळ्यांत स्फोटकांऐवजी प्रचारपत्रकं भरलेली असायची, आणि किनमेनही तशीच परतफेड करायचं. हा प्रकार वीस वर्षं चालला.

1 जानेवारी 1979 या दिवशी तो थांबला. त्याच दिवशी अमेरिकेने बीजिंगच्या सरकारला रीतसर मान्यता दिली आणि तैपेईतल्या तैवान सरकारशी राजनैतिक संबंध तोडले. तारीख विषम होती, हे जाता जाता सांगायला हवं.

(दृश्य: लोहाराची भट्टी. पत्रकांच्या गोळ्याचं जाड कवच, गॅसच्या ज्योतीने त्याचा कापला जाणारा तुकडा.)

पत्रकांचे गोळे फुटून चिंधड्या होत नसत, कवच बरंचसं शाबूत राही. पोलाद चांगलं, आणि फुकटचं. तुकडा तापवून लाल करायचा, यांत्रिक घणाखाली चपटा करायचा, पाणी द्यायचं, धार लावायची. एका कवचातून पन्नास-साठ सुऱ्या सहज निघतात. आपल्याच देशाने डागलेल्या गोळ्याची सुरी चिनी पर्यटक पैसे मोजून घरी नेतात.

1979 च्याच मे महिन्यात इथल्या माशान चौकीवरचा एक तरुण तैवानी कॅप्टन रात्री समुद्रात उतरला आणि पोहत चीनला गेला. तैवानमध्ये बायको होती, लहान मूल होतं. तोच पुढे लिन यीफू या नावाने अर्थतज्ज्ञ झाला आणि 2008 मध्ये जागतिक बँकेचा मुख्य अर्थतज्ज्ञ. तैवानच्या लष्कराच्या लेखी तो फितूर. वडिलांच्या अंत्यविधीलाही त्याला जाता आलं नाही. तो दुसऱ्या देशात गेला की एकाच चीनच्या एका सरकारकडून दुसऱ्याकडे, यावर तैवानमध्ये आजही वाद होतात.

एका माणसाला फितूर ठरवणं सोपं. अख्ख्या पक्षाचं काय? ज्या कुओमिंतांगने कम्युनिस्टांना रोखायला इथले डोंगर पोखरले, त्याचेच अध्यक्ष लिएन चान 2005 मध्ये बीजिंगला जाऊन चीनचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष हू जिंताओ यांना भेटले. 2015 मध्ये सिंगापूरला तैवानचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष, कुओमिंतांगचेच मा यिंग-जिऊ आणि शी जिनपिंग यांचं हस्तांदोलन झालं. चीनशी अंतर राखा म्हणणारा पक्ष आता दुसराच आहे, लोकशाहीवादी प्रगतिशील पक्ष. 'चीन एकच' ही जुनी भूमिका त्याला मान्य नाही, आणि बीजिंगचा खरा राग त्याच्यावर आहे.

(दृश्य: शियामेनहून आलेली प्रवासी बोट, धक्क्यावर सामानाच्या पिशव्या.)

किनमेन अजूनही कुओमिंतांगचा बालेकिल्ला आहे. शियामेनची बोट 2001 पासून सुरू झाली. 2018 पासून नळाला फुजियानचं पाणी येतं, समुद्राखालच्या पाइपातून. फेब्रुवारी 2024 मध्ये तैवानच्या तटरक्षकांच्या पाठलागात एक चिनी बोट उलटली, दोघे बुडाले. तेव्हापासून चिनी तटरक्षक दलाच्या गस्ती नौका या पाण्यात वारंवार शिरतात.

त्याच्या वर्षभर आधी बेटावरच्या काही नगरसेवकांनी पक्षभेद बाजूला ठेवून एक प्रस्ताव मांडला होता: किनमेनवरून सैन्य हटवा आणि शियामेनपर्यंत पूल बांधा. तैपेईला ते मान्य नाही. पूल झाला तर त्यावरून पहिल्यांदा कोण येईल, पर्यटक की रणगाडे, हा तिथला प्रश्न आहे.